दर्या की दऱ्या?

परवा माझ्याच एका जुन्या ट्रेकच्या लेखात 'दऱ्या' हा शब्द शोधत होतो. कॉम्प्युटर म्हणे, सापडत नाही. अरे, डोळ्यांसमोर दिसतोय की! दोन तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला.

मराठीत र आणि य दोन प्रकारे जोडले जातात. रफार दिला की 'दर्या', म्हणजे समुद्र. पापणीसारखा र दिला की 'दऱ्या'. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना, हेही तेवढ्यावरच ठरतं! हिंदीला हा र लागत नाही, आणि कीबोर्डवर त्याची स्वतंत्र कळही नाही.

मग जुगाड झालं. द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहायला देवनागरीत खाली टिंब असलेला ऱ होता. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात त्यालाच हलन्त जोडून आपला र बसवला. इनस्क्रिप्टवर आजही तसंच करतात: शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग य.

पण १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये वेगळी वाट होती: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पुढे इस्कीची पद्धत आली, तरी जुना मजकूर मोडू नये म्हणून हीसुद्धा चालू ठेवली. दिसायला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. माझ्या लेखात नेमका दुसरा होता.

तेव्हा मंडळी, शब्द सापडला नाही तर तो लिहिलाच नव्हता असं समजू नका. दुसऱ्या र ने शोधून बघा.