धुलाईयंत्रे, जुनी : संग्रह आणि दुरुस्ती

वापरातून गेलेली, कपडे धुण्याची आणि वाळवण्याची घरगुती यंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करण्याचा छंद. तो अमेरिकेत विशेष रुजला. बाद झालेले यंत्र वर्षानुवर्षे पडून राहील एवढी तळघरे आणि कोठारे तिथे होती. तिकिटे जमवणाऱ्याला तिकीट वहीत चिकटले की समाधान असते. इथे टबात पाणी भरून, मळके कपडे टाकून पूर्ण धुणे निघाल्याखेरीज यंत्र संग्रहात आले असे हाडाचा संग्राहक मानत नाही.

एका शब्दाचा खुलासा आधी करावा लागतो. आपल्याकडे दोन टबांच्या यंत्रातील लहान टबाला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. तो कपडे गरगर फिरवून पाणी झटकतो, वाळवत नाही. या नोंदीतला ड्रायर म्हणजे गरम हवेत पिंप फिरवून कपडे कोरडे करणारे स्वतंत्र यंत्र.

या छंदात मेटॅगचा मान मोठा. आयोवा राज्यातील न्यूटन येथे 1893 मध्ये मळणीयंत्रांचे जोडभाग करणारा कारखाना म्हणून ही कंपनी सुरू झाली. शेतीचा हंगाम सरला की कामगारांना काम उरत नसे, म्हणून 1907 मध्ये तिने धुलाईयंत्र काढले. 1922 च्या ‘जायराफोम’ने तिचे नशीब पालटले. त्यात टबाच्या तळाशी उभी पाती असलेला घुसळदांडा होता. तो पंख्यासारखा गोल फिरत नाही. ताकातल्या रवीसारखा थोडा इकडे, थोडा तिकडे वळतो आणि पाणी कपड्यांतून ढकलतो. टब ओतीव ॲल्युमिनियमचा असल्याने तांबेरा चढत नाही, आणि इतक्या वर्षांनीही तो बहुधा शाबूत सापडतो. टबावर उसाच्या चरकासारखे दोन रूळ असतात. त्यांतून कपडे घालून पिळायचे. या रुळांत बोटे जात, केस ओढले जात. त्यासाठी रुळांच्या चौकटीवर एक खटका दिलेला असतो. तो दाबताच रुळांवरचा दाब सुटतो. यंत्राला वीज लावण्यापूर्वी हा खटका तपासायचा, बाकी चकाकी नंतर. मेटॅगने अशी पिळणीची यंत्रे 1983 पर्यंत बनवली.

1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. बाकीच्यांसाठी मेटॅगने टबाखाली लहानसे पेट्रोल इंजिन बसवले. ते पायाने किक मारून सुरू होई आणि धूर लवचिक धातूच्या नळीतून खिडकीबाहेर सोडावा लागे. वीज आल्यावर पोरांनी ही इंजिने काढून खेळातल्या गाड्यांना जोडली. इंजिन एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे अशी ताटातूट पुष्कळ झाली. आज नुसत्या इंजिनांचेच संग्राहक वेगळे आहेत.

स्वयंचलित यंत्रांचा भाग अवघड, आणि खरी गंमतही तिथेच. 1937 च्या बेंडिक्सला हादरे शोषणारी व्यवस्थाच नव्हती. ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे, त्यामुळे आजही ते चालवून पाहायचे तर आधी पाया करावा लागतो. 1947 च्या फ्रिजिडेअरमधला दांडा वळत नाही, वरखाली उसळतो, आणि पिळताना टब मिनिटाला 1,140 फेरे घेतो. व्हर्लपूल कंपनीची पट्ट्यावर चालणारी केनमोर यंत्रे मात्र नवशिक्याला बरी. त्यांची मूळ रचना जवळपास चार दशके टिकली, त्यामुळे एका यंत्राचा भाग दुसऱ्याला लागू पडतो.

ड्रायरची कहाणी लहान आहे. विस्कॉन्सिनच्या टू रिव्हर्समधील हॅमिल्टन कंपनीने 1938 मध्ये ‘जून डे’ हा ड्रायर विकायला काढला. त्याच्या दाराला काच लावून आत कपडे फिरताना दाखवावेत, ही सूचना रचनाकार ब्रूक्स स्टीव्हन्स यांची. पिंप, पट्टा, पंखा, तापतार असा सुटसुटीत संसार. धोका साचलेल्या कापसासारख्या तंतूंचा. जुना ड्रायर न उघडता, न झाडता सुरू करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

दुरुस्तीत रबर सर्वांत आधी दगा देते. टबातून खाली जाणाऱ्या दांड्याभोवतीची रबरी कडी कडक होऊन चिरते, साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये उतरते, आणि पुढे यंत्र किंचाळू लागते. घुसळदांडा शाफ्टवर चिकटून बसला असेल तर कडकडीत पाण्यात भिजवून हलके हलके डोलवतात; हातोडा उचलला की तो फुटलाच समजा. एनॅमलचे टवके हा कायमचा वाद. ते पत्र्यावर भट्टीत वितळवून चढवलेले काचेचे कवच असल्याने घरी पुन्हा देता येत नाही. काही जण त्यावर रंग मारतात, काही टवके तसेच ठेवतात. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

कोलोरॅडोतील ईटन येथील ली मॅक्सवेल यांचा संग्रह सर्वांत नावाजलेला. विद्युत अभियांत्रिकीच्या या प्राध्यापकांनी निवृत्तीच्या सुमारास एका लिलावात जुने मेटॅग घेतले आणि तेथून यंत्रांची संख्या हजारावर गेली; गिनीज बुकने तिची नोंद घेतली आहे.

अमेरिकेत राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला असे यंत्र पुण्या-मुंबईला आणावेसे वाटले, तर नुसता ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. तो दाब बदलतो, वारंवारता नाही. तिथली वीज 60 हर्ट्‌झची, आपली 50 ची. टायमरची मोटर त्या ठेक्यावरच फिरते, त्यामुळे दहा मिनिटांचे घुसळणे इथे बारा मिनिटे चालते.