जहाजाचे लाकूड आणि हातातले पेन

गेल्या हनुक्काच्या सणाला आमच्या नातवाने इंग्लंडच्या सफरीहून एक लाकडी पेन आणून आमच्या हातात ठेवले. डबीतल्या चिठ्ठीवर लिहिले होते की, हे ओक लाकूड पोर्टस्मथच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेच्या दुरुस्तीत निघालेले आहे. नातू म्हणाला, "आजी, नेल्सनच्या जहाजाचा तुकडा आहे हा, जपून ठेव!"

पेन सुबक होते. पण आमच्या मनात आले, युद्धनौका तर आपल्या मुंबईतही बांधल्या जात होत्या. आम्ही माझगावच्या शाळेत जात असू तेव्हा गोदीचे भोंगे रोज कानी पडत. त्या मुंबईच्या जहाजांच्या लाकडाचे पुढे काय झाले?

लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी कारागीर १७३६ साली मुंबईस आले. पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधली. साग तेलकट असल्यामुळे पाण्यात लवकर कुजत नाही. शिवाय ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते, सागात ते टिकतात. म्हणून ब्रिटिश आरमारानेही मुंबईत जहाजे बांधवून घेतली.

'मिंडेन' हे १८१० साली पाण्यात उतरले. १८४२ पासून ते हाँगकाँग येथे तरंगते इस्पितळ झाले. आयुष्यभर वॉर्डातून फिरलेल्या आमच्यासारखीला हे वाचून त्या जहाजाविषयी आपुलकीच वाटली. 'कॉर्नवॉलिस' १८१३ चे. त्याच्यावर १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यामधील नानकिंगचा तह झाला. 'वेलस्ली' १८१५ चे. ते १९४० साली थेम्स नदीत जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले. १९४८ मध्ये वर काढून मोडले, तेव्हा त्याचे काही लाकूड लंडनच्या न्यायालयांच्या दुरुस्तीस लागले.

सर्वांत नवलाची कथा 'त्रिंकोमाली'ची. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या तळकण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. पुढे १८९७ साली नेल्सनचे दुसरे एक जुने जहाज, 'फूद्रॉयां', ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. त्याच्या ओक लाकडाच्या खुर्च्या, टेबले, काठ्या करून विकल्या गेल्या. मालक व्हीटली कॉब यांनी त्याच्या जागी आपली 'त्रिंकोमाली' विकत घेतली आणि तिला 'फूद्रॉयां' हेच नाव दिले! मुंबईची लेक जवळजवळ शंभर वर्षे परक्या नावाने नांदली. १९८७ मध्ये तिला हार्टलपूल येथे नेऊन दुरुस्ती सुरू झाली, १९९२ मध्ये तिचे मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पुरे झाले. आजही ती तेथे पाण्यावर उभी आहे.

आता पेनाविषयी. जुनी फळी हाती आली की कारागीर आधी तिच्यातले खिळे शोधतो, नाहीतर करवतीचे दात जातात. मग बोटाएवढी चौकोनी कांडी कापून तिच्यात आरपार भोक पाडतो, त्यात पितळी नळी चिकटवतो आणि कांडी लेथवर चढवून पटाशीने गोल करतो. सागाच्या अंगी तेल असते म्हणून नळी चिकटवण्यापूर्वी भोक स्पिरिटने पुसावे लागते. सागात बारीक वाळूसारखा अंशही असतो, त्याने हत्याराची धार लवकर बसते. शेवटी पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली की रिफिल घालून पेन तयार.

पण अशा पेनाला मोल कशाने येते? लाकडाने नव्हे, डबीतल्या चिठ्ठीने. चिठ्ठी हरवली की उरते ती नुसती काडी. इस्पितळात आम्ही नव्या नर्सना सांगत असू, बाटलीवर नाव नसेल तर औषध कितीही चांगले असो, रोग्याला देऊ नका.

वाचकहो, आपली कहाणी तर नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासूनच सांगतात. त्या गलबताची एक फळीही आपल्याजवळ नाही. पण चिठ्ठी आहे. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर! समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले. त्यांच्या नावातही गाव आहे. येथे आल्यावर कित्येकांनी ते 'कर' गाळून हिब्रू आडनावे घेतली. सोयीसाठी घेतली, त्याला आमचा आक्षेप नाही. आमच्या घरीही तेच झाले. पण 'त्रिंकोमाली'ला आपले नाव परत मिळाले, ते तिची मुंबईची नोंद कोणीतरी जपून ठेवली म्हणून.

आम्ही नातवाच्या त्या पेनाने एका वहीत आजोबा-पणजोबांची नावे, गावे आणि धंदे लिहून काढले. मराठीत लिहिले आणि शेजारी नातवाकडून हिब्रूत लिहवून घेतले. त्याने विचारले, "आजी, आपले गाव समुद्रापासून किती लांब होते?" एवढ्या वर्षांत त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला.

आपणही एक वही घ्यावी. पेन कोणतेही चालेल.