पेटलेला नळ आणि न ठेवलेली नोंद

१/ नळाच्या पाण्याला काडी लावताच ज्वाला उसळते! जॉश फॉक्स यांच्या 'गॅसलँड' (२०१०) या माहितीपटातील कोलोरॅडोचे हे दृश्य जगभर गाजले आणि 'फ्रॅकिंग' हा शब्द सर्वतोमुखी झाला.

२/ तंत्र मात्र जुने. पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने विहिरीत सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि अडकलेले तेल-वायू मोकळे करायचे. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमध्ये झाला; १९४९ मध्ये हॅलिबर्टन कंपनीने त्याचा व्यापारी वापर सुरू केला.

३/ १९९७ साली अलाबामातील एका प्रकरणात संघीय न्यायालयाने कोळशाच्या थरांतील फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायदा लागू होतो, असा निर्वाळा दिला. २००५ च्या ऊर्जा कायद्याने मात्र, डिझेलचा वापर वगळता, फ्रॅकिंगला त्या कायद्यातून सूट दिली. तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी हे हॅलिबर्टनचे माजी प्रमुख; म्हणून टीकाकार या सवलतीस 'हॅलिबर्टन पळवाट' म्हणू लागले.

४/ त्या गाजलेल्या नळातील वायू नैसर्गिक असल्याचे कोलोरॅडोच्या नियामकांनी सांगितले. उद्योगसमर्थकांनी तेवढेच उचलून धरले. माहितीपटातील दुसऱ्या एका विहिरीत मात्र याच नियामकांना तेल-वायू उद्योगातून आलेला अंश आढळला होता.

५/ २०१६ साली संघीय पर्यावरण संस्थेने म्हटले: फ्रॅकिंगमुळे काही परिस्थितींत पेयजल बाधित होऊ शकते, परंतु देशभरातील व्याप्ती सांगण्याइतकी माहिती नाही. खोदकामापूर्वी पाणी कसे होते, याची नोंदच अनेक ठिकाणी नव्हती. दृश्याने वाद पेटवला. तो मिटवू शकणारी नोंद मात्र वेळीच कोणी ठेवली नव्हती.