वैद्यकीय प्रवेश : अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाल्यानंतरचे मार्ग

वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेण्यात येणाऱ्या राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेला, अर्थात ‘नीट’ला, २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. १४ जून २०२५ रोजी जाहीर झालेल्या निकालात १२ लाख ३६ हजारांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजेच पात्र ठरलेल्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी सुमारे नऊ जणांना त्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळणे शक्यच नव्हते. निकालाच्या दिवशीची निराशा त्यामुळे अपवादात्मक नाही. त्या निराशेच्या भरात पुढील काही आठवड्यांत घेतलेले निर्णय मात्र अनेकदा कमी गुणांपेक्षा अधिक महागात पडतात.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या उत्तर भागातील गोहलपूर ही दाट लोकवस्ती तयार कपड्यांच्या शिलाई व्यवसायासाठी ओळखली जाते. मर्यादित उत्पन्नाच्या अशा वस्तीतील कुटुंबांसाठी शासकीय महाविद्यालयातील जागा आणि खासगी महाविद्यालयातील जागा यांतील अंतर केवळ प्रतिष्ठेचे नसून शिक्षण परवडण्याचे असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर मार्गावर, नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५५ साली ते सुरू झाले, तेव्हा जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर व विदर्भ वेगळे झाले. जबलपुरातील अनेक मराठी कुटुंबे मात्र तेथेच स्थायिक राहिली. या राज्यसीमेचा वैद्यकीय प्रवेशाशी आजही थेट संबंध येतो.

निकाल नेमका कोणता?

‘निकाल वाईट लागला’ या एकाच वाक्यात तीन वेगवेगळ्या परिस्थिती येतात. बारावीत कमी गुण मिळणे, नीटमध्ये पात्र न ठरणे आणि पात्र ठरूनही गुणवत्ता क्रमांक मागे राहणे या त्या तीन परिस्थिती होत. प्रत्येकीवरील उपाय निराळा आहे.

नीटमध्ये पात्र ठरण्यासाठी खुल्या प्रवर्गात ५० शततमक, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास वर्गांसाठी ४० शततमक आवश्यक असते. हे गुणांचे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्या किती विद्यार्थ्यांच्या पुढे उमेदवार आहे, हे शततमक दर्शविते. २०२५ साली खुल्या प्रवर्गाची पात्रता मर्यादा ७२० पैकी १४४ गुणांवर आली, तर २०२४ साली ती १६२ होती. इतक्या गुणांवर उमेदवार पात्र ठरतो. शासकीय महाविद्यालयातील जागेसाठी मात्र त्याहून कितीतरी अधिक गुण लागतात. पात्रता आणि प्रवेश यांची गल्लत हे निकालानंतरच्या गोंधळाचे पहिले कारण होय.

बारावीत कमी गुण

एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर तयार होते. बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असणे ही त्यासाठीची पूर्वअट आहे. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने वर्ष वाया गेले असे गृहीत धरण्यापूर्वी आपल्या मंडळाच्या पुरवणी किंवा दुसऱ्या परीक्षेची तारीख पाहावी. मध्य प्रदेशात राज्य मुक्त शिक्षण मंडळाने २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ ही योजना याच हेतूने सुरू केली.

मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना अपात्र ठरविणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या, परंतु नंतर तो अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेस बसण्याची मुभा दिली.

बारावीच्या गुणांचा संबंध शिष्यवृत्तीशीही येतो. मध्य प्रदेश शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत बारावीची ठरावीक टक्केवारी आणि कुटुंबाचे उत्पन्न या दोन्ही अटी आहेत. राज्याने शासकीय शाळांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ५ टक्के जागा २०२३ पासून राखून ठेवल्या. आपण या तरतुदींत बसतो का, याची खात्री प्रवेशप्रक्रियेपूर्वीच करून घेणे हिताचे ठरते.

उत्तरपत्रिकेची पडताळणी

नीटमध्ये पुनर्मूल्यांकनाची सोय नाही. मात्र अंतिम निकालापूर्वी उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि तात्पुरती उत्तरतालिका संकेतस्थळावर ठेवली जाते. २०२५ साली एका उत्तरावर आक्षेप घेण्यासाठी २०० रुपये शुल्क होते. ही मुदत अल्प असते आणि ती टळल्यावर तक्रारीला वाव राहत नाही.

एका प्रश्नाने किती फरक पडतो, हे २०२४ साली दिसून आले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरण्यात आली होती. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर एकच उत्तर बरोबर ठरले. २६ जुलै २०२४ रोजी सुधारित निकाल लागून लाखो विद्यार्थ्यांचे क्रमांक बदलले. त्याच वर्षी वाढीव गुण मिळालेल्या १ हजार ५६३ विद्यार्थ्यांना २३ जून रोजी फेरपरीक्षेचा पर्याय देण्यात आला. संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै रोजी नकार दिला. न्यायालयीन प्रकरण प्रलंबित असताना प्रवेश फेरीची तयारी थांबविणे योग्य नाही, हा त्यातील धडा आहे.

आपण कोणत्या राज्याचे?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. उर्वरित ८५ टक्के जागा संबंधित राज्य भरते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील प्रवेशही २०२० पासून नीटच्याच आधारे होतात.

जबलपुरातील मराठी विद्यार्थ्याने येथे विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असाव्या लागतात. सीमाभागातील विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद नियमांत आहेत. मातृभाषा मराठी असणे किंवा आजोळ नागपूरला असणे हे त्यासाठी पुरेसे नाही. जबलपुरातच शिकलेल्या विद्यार्थ्याचा ८५ टक्क्यांचा हक्क मध्य प्रदेशात असतो आणि तेथील मूळ रहिवासी प्रमाणपत्र त्यासाठी वेळेत काढावे लागते.

जातीच्या प्रमाणपत्राबाबतही हेच लागू होते. राज्यांच्या आरक्षण याद्या वेगवेगळ्या असल्याने आजोबांना महाराष्ट्रात मिळालेले प्रमाणपत्र मध्य प्रदेशच्या कोट्यात आपोआप चालत नाही. अखिल भारतीय कोट्यासाठी इतर मागास वर्गाची केंद्रीय यादी ग्राह्य धरली जाते. या कोट्यात इतर मागास वर्गाला २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकाला १० टक्के आरक्षण २०२१ साली लागू झाले. महाराष्ट्रातील अभिमत विद्यापीठांच्या जागा देशभरातील विद्यार्थ्यांसाठी खुल्या असल्या, तरी त्यांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांच्या अनेक पटींनी अधिक असते.

प्रवेश फेऱ्यांचे नियम

अखिल भारतीय प्रक्रियेत तीन फेऱ्या आणि त्यानंतर रिक्त जागांसाठी अंतिम फेरी होते. क्रमांक मागे असलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या यादीत नाव नाही म्हणून प्रक्रियेतून बाहेर पडू नये. आधीच्या फेऱ्यांत सोडलेल्या जागा पुढे उपलब्ध होतात.

प्रत्येक फेरीचे उत्तरदायित्व मात्र वाढत जाते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारल्यास अनामत रक्कम जप्त होत नाही. दुसऱ्या फेरीपासून ती जप्त होऊ शकते. ही रक्कम अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गात १० हजार रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये आहे. अंतिम फेरीत मिळालेली जागा नाकारणाऱ्यावर पुढील वर्षी नीट देण्यास बंदी येऊ शकते. पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असणाऱ्यांनी केवळ ‘पाहू या, काय मिळते’ म्हणून अंतिम फेरीत पसंतीक्रम भरणे त्यामुळे धोक्याचे आहे. राज्याच्या फेऱ्यांचे आणि सेवा-बंधपत्राचे नियम वेगळे असून ते स्वतंत्रपणे वाचावेत.

पुन्हा परीक्षा देताना

नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही. कमाल वयाची अटही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये काढून टाकली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात.

आणखी एक वर्ष द्यावे की नाही, हे मागील उत्तरपत्रिका पाहून ठरविणे श्रेयस्कर. २०२५ साली १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५, तर जीवशास्त्राचे ९० प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी १ गुण वजा होतो. चाळीस उत्तरे चुकलेल्या विद्यार्थ्याने ती कोरी सोडली असती, तर तेवढ्यानेच त्याचे ४० गुण वाचले असते. अंदाजाने लिहिलेल्या उत्तरांमुळे गुण गेले, वेळ अपुरा पडला की एखाद्या विषयाचा पायाच कच्चा राहिला, याची वर्गवारी केल्यास वर्षभराच्या तयारीची दिशा स्पष्ट होते. तसे काहीच न बदलता त्याच शिकवणीचे शुल्क पुन्हा भरण्यात फारसा अर्थ नाही.

भाषेचा पर्यायही विचारपूर्वक निवडावा. नीट २०१७ पासून मराठीत उपलब्ध आहे. तथापि प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवर देण्यात येत असल्याने मराठी प्रश्नपत्रिकेसाठी महाराष्ट्रातील केंद्र घ्यावे लागते. मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे प्रकाशित झाली.

इतर अभ्यासक्रम आणि परदेश

नीटच्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. पशुवैद्यकाच्या अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागाही नीटच्या आधारे भरल्या जातात. जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून कार्यरत असून आज ते २००९ साली स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. या शाखा स्वतंत्र व्यवसाय आहेत. एमबीबीएस मिळाले नाही म्हणून नाइलाजाने घेतलेला प्रवेश पुढे सोडावा लागला, तर वर्ष आणि शुल्क दोन्ही वाया जातात.

परदेशी शिक्षणासाठीही नीटमधील पात्रता २०१८ पासून अनिवार्य आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेत पूर्ण केलेला असावा लागतो. भारतात परतल्यावर परवाना परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते.

दलालांपासून सावधगिरी

‘थेट प्रवेश करून देतो’ असे सांगणारे दूरध्वनी निकालानंतर सुरू होतात. नीटच्या गुणवत्ता यादीबाहेर एमबीबीएसचा कोणताही वैध प्रवेश नाही. मध्य प्रदेशाला याची जाणीव करून देण्याची गरज नसावी. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, अर्थात ‘व्यापमं’च्या, पूर्ववैद्यकीय परीक्षेतील गैरव्यवहार २०१३ साली उघड झाला आणि जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. २००८ ते २०१२ या काळात गैरमार्गाने मिळालेले ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी रद्दबातल ठरविले. त्यांपैकी काहींचे शिक्षण तोपर्यंत पूर्णही झाले होते. जून २०२४ मध्ये लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षांसंबंधीच्या कायद्यात संघटित गैरप्रकारांसाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे.

पालकांसाठी

निकालानंतरचे पहिले काही दिवस विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण असतात. नातेवाइकांच्या मुलांशी तुलना, झालेल्या खर्चाचा हिशेब आणि ‘आता पुढे काय’ ही विचारणा या काळात टाळावी. मूल अबोल झाले, जेवण-झोप सुटली किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता तातडीने मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास निःशुल्क असून मराठी आणि हिंदीतही उपलब्ध आहे.

प्रवेशाचे वेळापत्रक दरवर्षी बदलते. वैद्यकीय समुपदेशन समिती आणि राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरील सूचनाच प्रमाण मानाव्यात. रहिवासी, जात आणि उत्पन्नाची प्रमाणपत्रे निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावीत. गुण बदलणे विद्यार्थ्याच्या हाती उरलेले नसते. वेळेवर जोडलेले कागद आणि नीट वाचलेला नियम या गोष्टी मात्र त्याच्याच हाती असतात.