चाकरी आणि मत

धारचे पवार एक. देवासचे दोन, थोरली पाती व धाकटी पाती. थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव तिसरे यांच्या पदरी १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी चिटणीस होते. दरबाराविषयी ते घरच्या पत्रांत मोकळेपणी लिहीत; पण ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली १९५३ साली. तोवर महाराज पाँडिचेरीस निवर्तून (१९३७) सोळा वर्षे लोटली होती, संस्थानही विलीन झाले होते. यात सौजन्य किती नि सावधपणा किती, हे आम्हांस सांगवत नाही. फॉर्स्टरांना परतावयास निदान इंग्लंड होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेत असतानाच १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली. पुढे रत्नागिरीस बदली झाली, १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि १८८०च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडले.