एल्फिन्स्टन रोड ते प्रभादेवी : एका जिन्याचा इतिहास

स्मरणिकेत स्टेशनचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या मुलाबाळांची पावले रोज त्याच जिन्यावर पडतात, म्हणून आम्ही तो मांडत आहोत.

पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ ही स्टेशने शेजारी-शेजारी, पादचारी पुलाने जोडलेली. लॉर्ड एल्फिन्स्टन हे 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. नाव साहेबाचे, वस्ती मात्र कामगारांची. गिरणीवाले बहुतेक जवळच्या चाळींतून चालतच पाळीला जात. भोंगा झाला की लोंढा रस्त्यावर, स्टेशनवर नाही. (आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत, धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होई म्हणे. रस्त्यावर मात्र खांद्याला खांदा लागायचाच.)

18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, बरेच परत आत गेलेच नाहीत. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते : पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. 2001 मध्ये तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. 2006 ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केले. ज्युपिटर, एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. आमचीच पोरे तिथे सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगमध्ये लागली. आता कामाला येणारा माणूस विरार-कल्याणहून लोकलने येऊ लागला. जमिनीचा भाव सगळ्यांनी मोजला, जिन्याची रुंदी कोणी मोजली नाही.

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी पाऊस आला, लोक पुलावर थांबले, मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. पावसाला दोष देणे सोपे आहे. मुंबईत पाऊस काय नवा आहे?

मग मिलिटरीला बोलावले. त्यांनी बांधलेला पूल 27 फेब्रुवारी 2018 ला खुला झाला. म्हणजे पाच महिन्यांत पूल होतो, हे सिद्ध झाले! त्याच जुलैत स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. मार्च 2019 पासून परळहून लोकल सुटू लागल्या, त्याने बसायला तरी मिळू लागले. वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूल वरळी-शिवडी मार्गाच्या नव्या दुमजली पुलासाठी सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाला. त्या पुलावरून चालत पूर्वेहून पश्चिमेला जाणारी आपली मंडळीही तेव्हापासून स्टेशनच्याच जिन्यांकडे वळली.