राहायला आलात की फिरायला?

पहाटे होशंगाबादच्या पुलावर पंजाब मेलचा आवाज बदलतो आणि तुम्हाला जाग येते. खाली नर्मदा, तिच्यावर धुकं. फेब्रुवारी १९८२. शाल सुटकेसच्या तळाशी घातली, ही चूक आता कळते.

भोपाळ स्टेशनाबाहेर टांगेवाला भाडं सांगायच्या आधी विचारतो, "रहने आए हो या घूमने, मियां?" उत्तरावर भाडं ठरणार, हे उघड आहे. तो स्वतः बैरागढचा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली होती, तिथला. मागे वळून स्टेशनाकडे पाहायचं तुम्ही टाळता. पावणेतीन वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, एका रात्री या फलाटांवर विषारी वायू पोचणार आहे. ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते कुणाला सांगून पटणार?

पिशवीत 'वे दिन' ही कादंबरी आहे. ती लिहिणारे निर्मल वर्मा सध्या याच गावात, निराला सृजनपीठावर आहेत. त्यांना भेटायचा धीर तुम्हाला होत नाही. पोहे-जलेबी खाऊन तुम्ही श्यामला टेकडी चढता.

भारत भवन या कलाकेंद्राचं उद्घाटन १३ तारखेला इंदिरा गांधींच्या हस्ते झालंय. तुम्ही इमारत शोधता आणि लक्षात येतं, आपण तिच्या छतावरच उभे आहोत. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी ती टेकडीच्या उतारात रुतवली आहे. पायऱ्या उतराव्यात तसतसा एकेक चौक उघडत जातो, आणि पलीकडे थेट बडा तालाब. एका पायरीवर बसून तुम्ही पुस्तक उघडता.

पायरी गार पडते. प्राग, डिसेंबर. वसतिगृहात राहणारा एक हिंदुस्थानी विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत दुभाष्याचं काम धरतो. व्हिएन्नाहून आलेल्या रायनाला आणि तिच्या मुलाला शहर दाखवायचं. एक परका दुसऱ्या परक्याला गाव दाखवतोय! तुम्ही त्यांच्यामागून पूल ओलांडता. आपल्याकडच्या परदेशकथांत माणूस एकतर घर घेतो नाहीतर गहिवरतो. हा काही दिवसांचं काम घेतो, प्रेमात पडतो, आणि ती निघून जाते. 'लंदन की एक रात' या कथेत तर तेवढंही नाही. कामाच्या शोधातली पोरं आणि वर्णद्वेषाने तापलेलं शहर.

या दोन्हींचा लेखक १९५९ मध्ये प्रागला गेला, तिशीत, ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून. चेक शिकला. चापेक, कुंदेरा, ह्राबल हिंदीत आणले, तेही इंग्रजीचा वळसा न घेता. (मराठीत आजही रशियन-फ्रेंच बरंचसं त्या वळशानेच येतं, असो.) पुढे प्राग सुटलं, मग लंडन, आणि १९७२ ला परत. तेव्हापासूनच्या कादंबऱ्या पाहा: 'लाल टीन की छत' डोंगरातली, 'एक चिथड़ा सुख' दिल्लीतली. माणसं मात्र तीच, आपल्याच गावात पाहुण्यासारखी वावरणारी. प्राग हे निमित्त होतं, असं मला तरी वाटतं.

ऊन कलल्यावर तुम्ही उतरता. वाटेत मीठ घातलेला चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसऱ्याला होत नाही.

तात्या टोपे नगर. इथे त्याला टीटी नगर म्हणतात. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि नागपूरचे कितीतरी मराठी कारकून फायली, पाटा-वरवंटा, पोरंबाळं घेऊन इकडे आले. सरकारी क्वार्टरांची रांग, कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. एका दारातून हाक येते, "जेवायला ये बे, किती वेळची बोंबलून राहिले!"

मैदानातून पोरगं ओरडतं, "आया, मां! बस एक ओवर!" आणि गोलंदाजाकडे वळून, "फेंक ना ख़ां!"